सरकारी कार्यालयाला माल पुरवताना: बेळगाव सीमाभागातील नव्या पुरवठादारांसाठी मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडी येथे दुकान, छापखाना अथवा लहान कारखाना चालवणारा मराठी माणूस सरकारी कार्यालयाला माल पुरवण्याचा विचार करू लागला की तो साहजिकच मराठीत माहिती शोधतो, आणि बहुतेकांची गल्लत तिथेच होते. शासकीय खरेदीविषयी मराठीत जे वाचायला मिळते ते जवळजवळ सगळे महाराष्ट्राचे असते: उद्योग विभागाची १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका, महाटेंडर्सचे संकेतस्थळ, वेळोवेळी निघणारे जीआर. सीमेपलीकडच्या महाराष्ट्रातील गडहिंग्लजचे किंवा चंदगडचे पाहुणे अनुभवावरून जे सांगतात तेही त्याच नियमांवर बेतलेले असते. ते त्याच्या जागी बरोबर असले, तरी बेळगाव महापालिकेला किंवा खानापूरच्या तालुका पंचायतीला त्यातील एकही ओळ लागू होत नाही. म्हणून येथे कर्नाटक सरकारच्या आणि बेळगाव परिसरातील केंद्रीय कार्यालयांच्या खरेदीचा क्रम, मागणीपासून बिलाचे पैसे जमा होईपर्यंत, सांगितला आहे. बांधकामाच्या कंत्राटांना परवाने आणि दरसूची यांचे वेगळे नियम असल्यामुळे मुख्य विचार वस्तूंच्या पुरवठ्याचाच केला आहे.

कार्यालय कोणाचे, हे आधी ठरवा

बेळगाव शहरात एकाच रस्त्यावर राज्य आणि केंद्र अशा दोन सरकारांची कार्यालये सापडतात, आणि त्यांची खरेदीची दारेही निरनिराळी आहेत. जिल्हाधिकारी कार्यालय, तहसीलदार कचेरी, जिल्हा पंचायत, सरकारी रुग्णालये, राज्याची विद्यापीठे, महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायती या सर्वांना कर्नाटकाचा सार्वजनिक खरेदीतील पारदर्शकतेचा १९९९ चा कायदा आणि त्याखालचे २००० चे नियम लागू आहेत. कार्यालयात या कायद्याला सर्रास ‘केटीपीपी’ म्हणतात. वीज वितरण करणारी हेस्कॉम किंवा वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळ यांसारख्या राज्याच्या कंपन्या आणि महामंडळेही याच कायद्याच्या कक्षेत येतात.

मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर, कॅन्टोन्मेंट बोर्ड, टपाल खाते, सांबरा विमानतळ, केंद्रीय विद्यालये आणि आयसीएमआरची पारंपरिक औषधशास्त्राची राष्ट्रीय संस्था ही मंडळी केंद्राच्या अखत्यारीतील आहेत. केंद्रीय खात्यांचा आधारग्रंथ म्हणजे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम, ज्यांना ‘जीएफआर’ म्हणतात, आणि त्यांची मुख्य बाजारपेठ म्हणजे ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेले ‘जेम’ हे संकेतस्थळ. रेल्वेचा कारभार आणखी वेगळा आहे. बेळगाव स्थानक हुबळी विभागात येते आणि रेल्वेच्या निविदा ‘आयआरईपीएस’ या तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर निघतात. सहकारी साखर कारखाने, बँका आणि खासगी शिक्षणसंस्था मोठी खरेदी करतात, पण त्यांना सरकारी कार्यालय समजून चालू नये. तेथे संचालक मंडळाचे नियम पाहावेत.

खरेदीच्या एखाद्या नोटिशीविषयी शंका असेल, तर तिच्यात कोणत्या कायद्याचा किंवा नियमाचा उल्लेख आहे ते वाचावे. केटीपीपीचे नाव असेल तर एक वाट, जीएफआरचे असेल तर दुसरी. दोन्ही वाटांवरची सवलत, अनामत रक्कम (निविदेबरोबर भरायची ठेव) आणि दाद मागण्याची जागा वेगळी असते.

नोंदणी आणि कागदपत्रे

पॅन, जीएसटी नोंदणी, व्यवसायाच्या नावाचे चालू खाते, महापालिकेचा किंवा पंचायतीचा व्यापार परवाना, दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणी आणि उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची केंद्राची नोंदणी) एवढे कागद बहुतेक ठिकाणी पुरतात. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली असून ती विनामूल्य आहे. तिच्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर तो मध्यस्थ आहे, सरकार नव्हे. ऑनलाइन निविदा भरायच्या असतील तर तिसऱ्या वर्गाची डिजिटल सही घ्यावी लागते.

कागद गोळा करणे फारसे कठीण नाही. कठीण आहे ते सगळ्यांवर एकच नाव असणे. आपल्या भागात एकाच माणसाचे नाव शाळेच्या दाखल्यावर मराठी वळणाने, आधारवर कन्नडमधून इंग्रजीत आलेल्या स्पेलिंगने आणि बँकेत आद्याक्षरांसह लिहिलेले असते, तर आडनाव कधी पुढे आणि कधी मागे. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगावी’ झाले असले, तरी जुन्या करारपत्रांवर आणि बँकेच्या नोंदींवर ‘बेळगाम’ तसेच राहिलेले दिसते. पत्त्यातला हा फरक सहसा चालवून घेतला जातो, पण व्यवसायाच्या नावातला फरक चालत नाही. पॅनवर ‘ट्रेडर्स’, बँकेत ‘ट्रेडिंग कंपनी’ आणि दरपत्रकावर ‘एंटरप्रायझेस’ असेल, तर आदेश मिळूनही पैसे अडकतात, कारण कोषागार ज्या नावाने पैसे सोडते त्याच नावाचे खाते असावे लागते. ही दुरुस्ती पहिली निविदा भरण्यापूर्वीच करून घ्यावी.

उद्यम प्रमाणपत्राविषयी एक मोठा गैरसमज आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून २५ टक्के खरेदी करण्याचे आणि त्यांना अनामत रकमेतून सूट देण्याचे धोरण केंद्राचे आहे, ते २०१२ चे आहे आणि ते केंद्रीय खाती व केंद्रीय उपक्रम यांच्यावर बंधनकारक आहे. राज्याच्या कार्यालयात तेच प्रमाणपत्र दाखवून सूट आपोआप मिळेल असे धरून चालू नये; निविदेच्या अटींत तसे लिहिलेले असेल तरच ती मागावी. शिवाय या धोरणाचा लाभ उत्पादन करणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओतकाम करून स्वतः सुटे भाग बनवणारा कारखानदार त्यात बसतो. दुसऱ्याचा माल आणून विकणारा दुकानदार, उद्यम नोंदणी असली तरी, त्यात बसत नाही.

सीमेपलीकडून माल विकणाऱ्यांसाठी

चंदगड, गडहिंग्लज, कागल या बाजूचे अनेक व्यापारी बेळगावच्या बाजारावर पोसलेले आहेत आणि बेळगावचे व्यापारी तिकडे माल पाठवतात. किरकोळ व्यवहारात सीमा जाणवत नाही, सरकारी बिलात मात्र ती पहिल्याच ओळीत दिसते. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक महाराष्ट्रासाठी २७ आणि कर्नाटकासाठी २९ आहेत. २७ ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचा व्यापारी बेळगावच्या कार्यालयात माल पोचवतो तेव्हा तो आंतरराज्य पुरवठा ठरतो आणि बिलावर आयजीएसटी लावावा लागतो. कर्नाटकातल्या कर्नाटकात विकणारा मात्र सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन भाग दाखवतो. एकूण दर सारखाच असला, तरी चुकीच्या रकान्यात कर दाखवलेले बिल परत येते.

याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत. लहान व्यापाऱ्याला ठरावीक उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, ही सवलत राज्याबाहेर करपात्र वस्तू विकताना संपते; तेथे उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी घ्यावीच लागते. तसेच कंपोझिशन योजनेतील, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरणाऱ्या, व्यापाऱ्याला परराज्यात वस्तू विकता येत नाहीत. म्हणजे चंदगड तालुक्यातील कोवाडचा कंपोझिशनवाला स्टेशनरी दुकानदार बेळगावच्या कार्यालयाला कितीही स्वस्त वह्या देऊ शकत असला, तरी तो ते दरपत्रक देऊच शकत नाही. ५० हजारांहून अधिक किमतीचा माल सीमा ओलांडून आणताना ई-वे बिल बरोबर असावे. सरकारी कार्यालयाची मागणी आहे एवढ्यावर गाडी सुटत नाही.

मागणी फाईलमध्ये कशी जन्मते

कार्यालयात खुर्च्या मोडल्या आहेत हे सर्वांना दिसत असते, पण त्यामुळे खरेदी सुरू होत नाही. संबंधित विभागाने लेखी मागणी करावी लागते. मग त्या खर्चासाठी कोणत्या लेखाशीर्षाखाली (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या बाबीखाली) अनुदान आहे ते पाहिले जाते, अंदाजे किंमत काढली जाते आणि ज्याला तेवढ्या रकमेचा अधिकार आहे त्या अधिकाऱ्याची प्रशासकीय मंजुरी घेतली जाते. त्यानंतरच दरपत्रके किंवा निविदा मागवण्याचा प्रश्न येतो. कर्नाटकातील कार्यालयांत फाईल हाताळणाऱ्या कारकुनाला ‘केस वर्कर’ म्हणतात. तो पदाने एसडीए किंवा एफडीए, म्हणजे द्वितीय किंवा प्रथम श्रेणी साहाय्यक, असतो. फाईलवर पहिली टिपणी तोच लिहितो, वर ऑफिस सुपरिंटेंडंट तपासतो आणि मग ती अधिकाऱ्याच्या टेबलावर जाते. नवे पुरवठादार थेट साहेबांना भेटायला धडपडतात, पण आपल्या दरपत्रकावर जीएसटीचा उल्लेख राहिला आहे किंवा मुदत लिहिलेली नाही हे केस वर्करच सांगू शकतो. त्याच्याशी नम्रपणे आणि स्पष्टपणे बोलावे. उपकार मागितल्याच्या सुरात बोलण्याची गरज नाही, कारण दरपत्रकातल्या त्रुटी दाखवणे हे त्याचे कामच आहे.

वेळेचेही गणित आहे. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते आणि अनुदान टप्प्याटप्प्याने सुटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये उरलेले अनुदान परत जाऊ नये म्हणून एकदम खरेदी निघते. त्या घाईत आदेश सहज मिळतो असे वाटते, पण ३१ मार्चपूर्वी बिल कोषागारात मंजूर झाले नाही, तर ते अनुदान संपते आणि पुढच्या वर्षीच्या तरतुदीची वाट पाहावी लागते. भांडवल थोडे असणाऱ्याने मार्चच्या शेवटच्या आठवड्यात माल पोचवण्याचे आदेश विचार करूनच घ्यावेत.

ग्रामपंचायतीत हीच साखळी लहान आकारात चालते. तेथे पंचायत विकास अधिकारी, म्हणजे पीडीओ, फाईल चालवतो आणि सभेचा ठराव महत्त्वाचा असतो. सरकारी मराठी शाळांच्या किरकोळ गरजा बऱ्याचदा शाळा सुधारणा समितीमार्फत, म्हणजे एसडीएमसीमार्फत भागवल्या जातात. रकमा लहान असल्या तरी हे नवख्यासाठी चांगले शिक्षण आहे, कारण ठराव, दरपत्रक, साठा नोंदवही आणि बिल या चारही पायऱ्या तेथे डोळ्यांसमोर घडतात.

दरपत्रकाने होणारी खरेदी

केटीपीपी कायद्याच्या चौथ्या कलमात काही खरेदीला निविदेतून सूट दिली आहे. आपत्तीच्या काळातील खरेदी, ठरावीक रकमेपर्यंतची खरेदी आणि सरकारने अधिसूचनेने सूट दिलेली खरेदी ही त्यातली मुख्य. शेवटच्या प्रकाराला ४(जी) या पोटकलमावरून कार्यालयात ‘फोर जी’ म्हणतात. संगणकासारख्या वस्तू किऑनिक्स या राज्याच्या संस्थेकडून थेट घेतल्या जातात त्या अशाच सवलतीखाली. आपल्या मालाची एखाद्या कार्यालयातली खरेदी या मार्गाने होत असेल, तर तेथे स्वतंत्र दरपत्रक देण्यात वेळ दवडू नये.

लहान रकमेच्या खरेदीसाठी दरपत्रके मागवून तुलनात्मक तक्ता करणे ही रूढ पद्धत आहे. केंद्राच्या जीएफआरमध्ये २०१७ साली २५ हजारांपर्यंत दरपत्रकाविना आणि त्यापुढे अडीच लाखांपर्यंत स्थानिक खरेदी समितीमार्फत अशी विभागणी होती. या मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू आकडा कार्यालयातूनच विचारून घ्यावा. एकच गोष्ट बदलत नाही: मर्यादेत बसवण्यासाठी एक मागणी तोडून तिचे अनेक तुकडे करणे नियमबाह्य आहे. एखादा कर्मचारी ‘चार वेगवेगळ्या तारखांची चार बिले द्या’ असे म्हणाला, तर त्याला नकार द्यावा, कारण लेखापरीक्षणात ती बिले एकत्र येतात आणि त्यावर आपली सही असते.

दरपत्रक लिहिताना पत्राचा संदर्भ क्रमांक आणि तारीख वर टाकावी, मागणीत दिलेला वस्तूंचा क्रम आणि वर्णन जसेच्या तसे ठेवावे, आणि प्रत्येक वस्तूचा दर, एकक, जीएसटीचा दर व एकूण रक्कम वेगवेगळ्या रकान्यांत द्यावी. वाहतूक आणि हमाली दरात धरली आहे की वेगळी, माल कोठे उतरवणार, किती दिवसांत देणार, हमी किती काळाची आणि हा दर किती दिवस बांधील राहील, हे न विसरता लिहावे. ‘जीएसटी वेगळा’ असे मोघम लिहिणाऱ्याचा दर तुलनात्मक तक्त्यात कसा धरायचा हे कारकुनाला कळत नाही, आणि अशा वेळी तो दर बहुधा बाजूला ठेवला जातो. मागणीत ठरावीक कंपनीचे नाव असेल तर त्यापुढे ‘किंवा समतुल्य’ आहे का ते पाहावे. तसे नसेल तर समतुल्य माल चालेल का, हे शेवटच्या तारखेपूर्वी लेखी विचारावे.

पाकीट बंद करून त्यावर विषय, संदर्भ क्रमांक आणि शेवटची तारीख लिहावी आणि ते टपाल विभागात देऊन आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा. ‘साहेबांच्या हातात दिले’ याला कागदावर काहीही अर्थ नसतो.

जिल्ह्यातील राज्य कार्यालयांच्या नोटिसा मुख्यतः कन्नडमध्ये आणि निविदेचे मोठे दस्तऐवज इंग्रजीत असतात. कन्नड वाचता येत नसेल तर जाणत्या माणसाकडून नोटीस पूर्ण वाचून घ्यावी. ‘सरबराजु’ म्हणजे पुरवठा, ‘दरपट्टी’ म्हणजे दरपत्रक, ‘ठेवणी’ म्हणजे अनामत, ‘कोनेय दिनांक’ म्हणजे शेवटची तारीख, आणि ‘पावती’ म्हणजे तेथे पैसे अदा करणे. तारखा कन्नड अंकांत असतील तर दोनदा खात्री करावी. दरपत्रक कन्नड किंवा इंग्रजीत द्यावे. मराठीच्या वापराविषयीचा वाद आपल्या जागी आहे, पण तुलनात्मक तक्ता करणाऱ्याला न वाचता आलेले दरपत्रक फाईलमध्ये नसल्यासारखेच असते.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. तीन दरपत्रके हवीत म्हणून एकाच दुकानदाराने तीन लेटरहेडवर तीन दर लिहून देण्याची रीत बाजारात सगळ्यांना माहीत आहे, आणि ‘तुमचे एक कोरे लेटरहेड द्या, पुढच्या वेळी तुमचे काम करू’ अशी मैत्रीपूर्ण मागणीही होते. ते देऊ नये. संगनमताने दर ठरवणे हा २००२ च्या स्पर्धा कायद्याचा भंग आहे, आणि चौकशी झाली तर ज्याच्या लेटरहेडवर खोटा दर आहे तोही त्यात ओढला जातो.

ऑनलाइन निविदा

निविदेतून सूट असलेल्या रकमेपुढील खरेदीच्या राज्याच्या निविदा ‘केपीपीपी’ या कर्नाटकाच्या सार्वजनिक खरेदी संकेतस्थळावर भरायच्या असतात. जुन्या ई-प्रोक्युरमेंट संकेतस्थळाची जागा आता त्याने घेतली आहे. नोंदणी करून डिजिटल सही जोडली की निविदा शोधता येतात, प्रक्रिया शुल्क आणि अनामत रक्कमही तेथूनच भरता येते. बहुतेक निविदा दोन लिफाफ्यांच्या असतात. पहिल्या, तांत्रिक लिफाफ्यात पात्रतेचे कागद आणि दुसऱ्यात दर. पहिल्यात कमी पडलेल्याचा दुसरा लिफाफा उघडतच नाही, म्हणून सर्वांत कमी दर असूनही अनेक जण बाहेर पडतात आणि नंतर अन्याय झाल्याची तक्रार करतात. उलाढालीचा दाखला, पूर्वानुभवाची प्रमाणपत्रे आणि प्राप्तिकर विवरणपत्रे ज्या वर्षांची मागितली असतील त्याच वर्षांची जोडावीत. पूर्वअट बाजारातल्या एकाच माणसाला बसेल अशी दिसत असेल, तर निविदापूर्व बैठकीत किंवा मुदतीत लेखी हरकत घ्यावी. निकाल लागल्यावर त्याच हरकतीची किंमत फार कमी होते. शेवटच्या दिवशी संध्याकाळी निविदा चढवू नये. डिजिटल सही नेमकी त्याच वेळी रुसते असा सार्वत्रिक अनुभव आहे.

निविदा स्वीकारल्याच्या आदेशाविरुद्ध केटीपीपीच्या १६ व्या कलमाखाली आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. अपिलात ‘आमचा दर कमी होता’ एवढेच न लिहिता निविदेची कोणती अट कोणाला चुकीच्या पद्धतीने लावली ते अटीच्या क्रमांकासह दाखवावे. ज्यांना बांधकामात उतरायचे आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, लहान कामांत अनुसूचित जातींसाठी १७.१५ आणि जमातींसाठी ६.९५ टक्के कामे राखीव ठेवण्याची तरतूद याच कायद्यात झाली आणि पुढे मागासवर्गातील काही प्रवर्गही त्यात आले.

जेमवर विक्रेता म्हणून नोंदणी विनामूल्य आहे. तेथे दर सर्व करांसह आणि पोच धरून द्यायचा असतो, हे विसरून अनेक जण पहिल्या व्यवहारात पदरमोड करतात. खानापूरच्या दुकानदाराने देशभर पुरवठ्याची तयारी दाखवू नये. दूरच्या राज्यातून आलेली लहान मागणी नाकारणे किंवा न पुरवणे याचा परिणाम विक्रेत्याच्या नोंदीवर होतो.

लेखी आदेशाशिवाय माल नाही

हा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा आहे. आपला दर मंजूर झाला असे कोणी फोनवर सांगितले, ‘उद्या कार्यक्रम आहे, माल टाका, आदेश मागून काढू’ असे म्हटले, अगदी लोकप्रतिनिधीने शब्द दिला, तरी पुरवठा आदेशाची क्रमांक, तारीख आणि सही असलेली प्रत हाती येईपर्यंत माल हलवू नये. बेळगावजवळच्या हिंडलगा गावात कार्यादेश हाती नसताना रस्त्यांची कामे झाल्याचे आणि त्यांचे बिल अडकल्याचे प्रकरण २०२२ मध्ये राज्यभर गाजले. त्याचा शेवट एका कंत्राटदाराच्या मृत्यूपर्यंत गेला. आदेशाशिवाय पुरवलेल्या मालाचे बिल कोषागारात चढवायला कारकुनाकडे आधारच नसतो, मग त्याची इच्छा कितीही चांगली असो. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत सुवर्णसौधच्या निमित्ताने जेवण, मंडप, झेरॉक्स, वाहने अशा तातडीच्या मागण्या निघतात, तेव्हा हा मोह सर्वाधिक असतो.

आदेश मिळाल्यावर तो ओळीने वाचावा. वस्तूचे वर्णन, संख्या, दर, पोचवण्याचा पत्ता, मुदत आणि उशिरासाठीचा दंड यांपैकी काही आपल्या दरपत्रकाशी जुळत नसेल तर माल पाठवण्यापूर्वी दुरुस्तीचे पत्र द्यावे. सुरक्षा ठेव मागितली असेल तर ती दिलेल्या मुदतीत भरावी आणि तिची प्रत जपून ठेवावी.

माल पोच, बिल आणि खजाने-२

माल नेताना तीन प्रतींत चलन (माल पोचवल्याचा कागद) करावे आणि एका प्रतीवर माल घेणाऱ्याची सही, नाव, हुद्दा, तारीख आणि कार्यालयाचा शिक्का घ्यावा. शिपायाने सही केली आणि नंतर त्याची बदली झाली, तर माल पोचला हे सिद्ध करणे अवघड होते. त्यानंतर वस्तू साठा नोंदवहीत चढते आणि बिलावर ‘माल मागणीप्रमाणे मिळाला, साठा नोंदवहीच्या अमुक पानावर नोंद केली’ असा दाखला लिहिला जातो. हा दाखला नसेल तर बिल पुढे सरकत नाही. जेमवर हेच काम स्वीकृती प्रमाणपत्राने होते आणि ते खरेदीदाराने माल पोचल्यापासून दहा दिवसांत द्यायचे असते.

राज्य कार्यालयांचे बिल ‘खजाने-२’ या कोषागाराच्या प्रणालीतून जाते. पुरवठादाराचे नाव, पॅन आणि बँक खाते तेथे आधी नोंदवून घ्यावे लागते, म्हणून पहिल्या बिलाबरोबर रद्द केलेला धनादेश आणि पॅनची प्रत द्यावी. बिल वेळेत तयार झाले तरी ही नोंद राहिल्यामुळे ते पडून राहिल्याची उदाहरणे नेहमीची आहेत. बिलावर आदेशाचा क्रमांक आणि तारीख छापलेली असावी, खाडाखोड नसावी आणि शब्दांतील रक्कम आकड्यांशी जुळावी.

हाती येणारी रक्कम बिलापेक्षा कमी दिसली तर घाबरू नये, पण हिशेब मात्र मागावा. करार अडीच लाखांहून अधिक असेल तर सरकारी कार्यालय १ ऑक्टोबर २०१८ पासून दोन टक्के जीएसटी उगमातून कापते. ही रक्कम बुडत नाही. जीएसटी संकेतस्थळावर ती दिसल्यावर आपण स्वीकारायची असते आणि मग ती आपल्या रोख खातेवहीत जमा होते. अनेक लहान व्यापारी ती स्वीकारायचेच विसरतात. प्राप्तिकराची कपात झाली असेल तर तिचे प्रमाणपत्र कार्यालयाकडून घ्यावे.

पैसे अडकले तर

पहिली पायरी म्हणजे फाईल कोणत्या टेबलावर आणि कोणत्या कारणाने थांबली आहे ते शोधणे. अनुदान नाही, दाखला राहिला, नोंद चुकली, की कोणाच्या अपेक्षा आहेत, ही चार कारणे निरनिराळी आहेत आणि त्यांवरचे उपायही निरनिराळे. तोंडी उत्तर मिळाले तरी त्याच विषयाचे लेखी स्मरणपत्र देऊन आवक शिक्का घ्यावा. उत्तर येत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. दहा रुपये शुल्क आणि ३० दिवसांची मुदत सर्वांना माहीत आहे, पण कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, आणि कायद्यानुसार तो इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या अधिकृत भाषेत द्यायचा असतो, हे सीमाभागातील अर्जदारांना अर्ज फेटाळला गेल्यावर कळते. ‘माझे बिल का दिले नाही’ असा जाब न विचारता आपल्या बिलाच्या फाईलमधील टिपणीच्या पानांच्या प्रती मागाव्यात. अडचण कोठे आहे ते त्या पानांवरच लिहिलेले असते.

कोणी टक्केवारी मागितली तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ ची दुरुस्ती लक्षात ठेवावी. लाच देणाराही आता गुन्हेगार ठरतो, आणि भाग पाडल्यामुळे द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवल्यासच त्याला संरक्षण मिळते. कर्नाटकात ही तक्रार लोकायुक्त पोलिसांकडे करता येते.

सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून स्वतः उत्पादन करणाऱ्याच्या किंवा सेवा देणाऱ्याच्या हाती आणखी एक साधन आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहिले असले तरी पैसे ४५ दिवसांपलीकडे थकवता येत नाहीत, आणि लेखी करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर तो माल स्वीकारला असे मानले जाते. चलनावरची तारीख आणि शिक्का यांचा आग्रह वर धरला तो यासाठीही. उद्यम नोंदणी मात्र पुरवठ्याच्या आधीची असावी. अर्ज ऑनलाइन भरला की तो राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकलेल्या पैशांचे दावे ऐकणाऱ्या मंडळाकडे, जातो. कौन्सिलच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात जायचे असेल तर खरेदीदाराला ठरलेल्या रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात, त्यामुळे तेथून नोटीस गेली की बरीच कार्यालये थकलेले बिल बाहेर काढतात.

शेवटी अनामत रक्कम आणि सुरक्षा ठेव. निविदा न मिळालेल्यांची अनामत संकेतस्थळावरून बहुधा आपोआप परत येते, पण सुरक्षा ठेव हमीचा काळ संपल्यावर अर्ज केल्याशिवाय परत मिळत नाही. आदेश मिळाला त्याच दिवशी हमी संपण्याची तारीख दुकानाच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि त्या तारखेला मूळ पावतीच्या प्रतीसह परताव्याचा अर्ज टपाल विभागात द्यावा.